हिरव्या जीटीओचं गिऱ्हाईक

४ मे २०१९

क्लच दाबला गेला नाही.

पुन्हा पुन्हा करून बघितलं. डावा पाय पेडलवर ठेवतो, डोक्यातून हुकूम सोडतो, आणि पाय नुसता तिथे बसून राहतो — दुसऱ्या कुणाचा असल्यासारखा. अर्धांगाचा झटका आल्यापासून हिवाळाभर व्यायाम केला. रबरी पट्टे ओढले, जिना चढलो-उतरलो. चालता येतं. बायकोची, बर्नीची, गाडीही चालवता येते, तिला क्लचच नाही. पण जीटीओचा क्लच म्हणजे पैलवानाचं काम. शेवटी दोन्ही हातांनी गुडघा खाली रेटला. तेव्हा दबला. पण सोडताना पाय एकदम उडाला, गाडीने आचका दिला आणि बंद पडली. तिचं नाक आणि गॅरेजचं दार यांच्यात वीतभर अंतर राहिलं.

वीतभर!

बर्नी स्वयंपाकघराच्या खिडकीतून बघत होती. कॉफी घेऊन आली, सवयीने कप बॉनेटवर ठेवायला गेली, मग भान आलं आणि तशीच हातात धरून उभी राहिली.

५ मे

बर्नीला म्हटलं, विकून टाकू. ती बशा पुसत होती. 'तुझी गाडी आहे, कॅझ. तू ठरव,' म्हणाली आणि पुढची बशी घेतली.

११ मे

आज गाडी धुतली. बसून धुतली, खालची बादली ओढत ओढत. मग अंगणात काढून (बर्नीने आणि मी ढकलून!) फोटो काढले आणि जाहिरात टाकली. काय लिहायचं तेच सुचेना. 'पॉन्टिअॅक जीटीओ, १९६९, गडद हिरवी, चार गिअर, इंजिन मूळचंच.' एवढंच लिहिलं. बाकीचं कुणाला कसं सांगायचं?

लपीअरकडच्या एका शेतावरच्या कोठारात ही सापडली तेव्हा मागच्या सीटवर कोंबड्या अंडी घालत होत्या. हिवाळ्यात बर्फ वितळायला रस्त्यावर टाकतात त्या मिठाने तळाचा पत्रा असा खाल्ला होता की बसलं की पाय थेट जमिनीला. शेतकरी म्हणाला, घेऊन जा एकदाची, माझी म्हातारी कटकट करते. ज्या पॉन्टिअॅक गावात मी जन्मलो त्याच गावात ही बनलेली. कारखाना कधीच पाडला, आता तिथे गवत आहे. मी आयुष्यभर साचे घडवले, पत्र्याची भाषा मला कळते, असा माझा समज. तरी नऊ वर्षं लागली.

पहिल्यांदा चालू झाली तो दिवस अजून अंगावर येतो. आधी खोकली. निळा धूर सोडला. आणि मग जमिनीतून काहीतरी वर चढत आलं — पायांतून पोटात, पोटातून दातांत. फळीवरच्या डब्यांतले स्क्रू नाचायला लागले. शेजारचं कुत्रं भुंकता भुंकता गप्प झालं. बर्नीने माझा दंड घट्ट धरला होता. चर्चमध्ये ऑर्गनचा सगळ्यात खालचा सूर लागला की पोटात जे होतं, तेच. लोखंडाचे तुकडे मीच जोडले होते, प्रत्येक बोल्ट मला तोंडपाठ होता, आणि तरी हा आवाज कुठून आला ते मला कळलं नाही. आजही कळलेलं नाही.

हे जाहिरातीत कुठे बसतं?

१५ मे

पहिलं गिऱ्हाईक. हॉलिस ब्रँट. डेट्रॉइटच्या श्रीमंत बाजूला राहतो, दातांचे दवाखाने आहेत त्याचे. भला माणूस. बूट काढून गाडीत बसला! दार लावतानाचा 'ठक' आवाज ऐकून हसला. बॉनेटवर बाहेरच्या बाजूला बसवलेला, इंजिनाच्या फेऱ्या दाखवणारा काटा पाहून म्हणाला, 'हा तर सगळे काढून टाकतात, तुम्ही ठेवलात.' माणसाला कळतं.

घासाघीस केली नाही. मी सांगितलेली किंमत त्याने लगेच मान्य केली. त्याच्याकडे एक दालन आहे — हिवाळ्यात ऊब, उन्हाळ्यात गारवा, प्रत्येक गाडीवर वेगळा दिवा. टाकीतलं पेट्रोल काढून ठेवतात म्हणे, म्हणजे काही सडत नाही.

मी विचारलं, चालवणार कोण?

'चालवायची कशाला?' तो म्हणाला. 'तुम्ही इतकं केलंत, आता ती जपायची.'

बरोबरच बोलला. तरी मी म्हटलं, थोडे दिवस द्या.

१६ मे

बर्नीला हॉलिसचं सांगितलं. ती म्हणाली, 'म्हणजे ती मेली.' आणि कपडे वाळत घालायला गेली.

१९ मे

आज जे झालं ते नीट लिहून ठेवलं पाहिजे.

सकाळी फोन आला. बाईचा आवाज, दक्षिणेकडचा हेल, केंटकीचा. 'गाडी आहे का अजून? चर्च सुटलं की येते.' इप्सिलँटीहून आली, खटारा पिकअप घेऊन. उतरली तर एवढीशी! पांढऱ्या केसांचा अंबाडा, फुलाफुलांचा झगा, पायात मात्र कॅनव्हासचे सपाट बूट. वय अठ्ठ्याहत्तर — हे तिनेच सांगितलं, न विचारता. नाव विनिफ्रेड टॅकेट. मला वाटलं नातवासाठी बघायला आली असेल.

रंगाकडे बघितलंच नाही तिने! नऊ थर दिलेत मी त्या रंगाचे. सरळ चालकाच्या दाराशी गेली. 'बसू का?' बसली, सीट पार पुढे ओढली, डावा पाय क्लचवर ठेवला आणि दाबला. सरळ तळापर्यंत. मी त्या पायाकडे बघतच राहिलो. कॅनव्हासचा बूट, काडीसारखा घोटा — आणि क्लच तळाला!

'चालू कर म्हणशील, तर करते,' ती म्हणाली.

चालू केली. तिने डोळे मिटले. उजवा हात गिअरच्या दांड्यावर होता, नुसता ठेवलेला, झोपलेल्या लेकराच्या पाठीवर ठेवावा तसा.

मग इंजिन बंद करून तिने सांगितलं. हीच गाडी, हेच साल, तिच्याकडे नवी कोरी होती. तिच्या स्वतःच्या पगाराची. त्या काळी ती ड्रॅगच्या शर्यतीत पळायची — शेजारी शेजारी दोन गाड्या, सरळ पाव मैल — या सगळ्या भागातल्या पट्ट्यांवर. नाव नोंदवताना 'फ्रेडी टॅकेट' लिहायची, म्हणजे समोरच्याला पुरुष वाटायचा. हेल्मेट काढेपर्यंत कळायचं नाही. 'हरलेले काहीजण हात मिळवायचे,' म्हणाली. 'बाकीचे गाडीत काहीतरी बिघाड शोधायचे. स्वतःच्या.'

मग मूल झालं. ती इस्पितळात असताना नवऱ्याने गाडी विकली.

'घरी आले, तर गॅरेजमध्ये गाडीच्या जागी पाळणा ठेवलेला. त्याने स्वतः रंगवला होता, पिवळा. इतका खूश होता बिचारा. मी काय बोलणार?'

हे सांगताना तिचा आवाज जराही बदलला नाही. नवरा चांगला होता म्हणाली, कधी वाईट शब्द बोलला नाही. या जानेवारीत गेला. 'आयुष्यभर मी त्याच्या शेजारच्या सीटवर बसले, पोरा. तो फार सावकाश चालवायचा.'

बर्नीने तिला ठेवूनच घेतलं. रुबार्बची आंबटगोड पेस्ट्री केलेली होती. मी अंगणात खुर्चीवर बसलो होतो, स्वयंपाकघरातून दोघींचं बोलणं ऐकू येत होतं, शब्द कळत नव्हते. बर्नी हसत होती. मोठ्याने. असं ती बहिणीबरोबर हसते, ती बहीण फ्लोरिडाला गेल्यापासून ऐकलं नव्हतं.

जाताना बाईने मला सांगितलं, मला ही हवी आहे, तू विचार कर. किंमत विचारलीच नाही.

२० मे

दिवसभर तो पाय डोळ्यांपुढे. क्लच तळाला!

२२ मे

तिचा मुलगा आला होता. न कळवता. ग्लेन टॅकेट, अॅन आर्बरला औषधांच्या दुकानात फार्मासिस्ट आहे. इस्त्रीचा शर्ट, डोळ्यांखाली काळं. पिवळ्या पाळण्यातलं ते बाळ — आता त्यालाच टक्कल पडलंय.

मला वाटलं भांडायला आला असेल. तसा नव्हता. दारातच उभा राहून म्हणाला, की आईला गाडी विकू नका. तिच्या छातीत पेसमेकर आहे. मोतीबिंदूची ऑपरेशनं झालीत. गेल्या वर्षी तिने शेजाऱ्याची पत्रपेटी उडवली. बाबा गेल्यापासून ती नीट जेवत नाही, रात्री दिवे चालू ठेवून झोपते, आणि आता हे खूळ. 'ती दुःखात आहे. दुःखात माणसं काहीही करतात. मिस्टर वॉयटस, तुम्ही तिला ही गाडी दिलीत आणि काही झालं, तर मी काय करू?'

मी त्याला म्हटलं, तुम्हाला माहीत आहे का, ती शर्यतीत पळायची?

'हो, कधीतरी हौस म्हणून चालवायची, असं बाबा सांगायचे.'

हौस म्हणून.

मी काहीच कबूल केलं नाही, नाकारलंही नाही. मला तो आवडला. मी त्याच्या जागी असतो तर हेच केलं असतं. इस्पितळात होतो तेव्हा माझ्याबद्दलही लोक दारात उभे राहून असंच हळू आवाजात बोलायचे.

जेवताना बर्नीला सगळं सांगितलं. हॉलिसकडे गाडी जपली जाईल, ग्लेनची आई जपली जाईल, सगळ्यांच्या दृष्टीने तेच शहाणपणाचं, असं काहीसं मी म्हणालो. बर्नीने काटा ताटात ठेवला.

'ग्लेनला काय वाटतं ते झालं. तुला काय वाटतं ते झालं. हॉलिस, तो तर झालाच. तिला कुणी विचारलंय का?'

इतक्या वर्षांत बर्नी या गाडीवरून एकदाही चढ्या आवाजात बोलली नव्हती.

२६ मे

हॉलिसचा फोन. किंमत आपणहून वाढवली. मी म्हटलं, थांबा. मला स्वतःचंच नवल वाटलं.

२ जून

विनिफ्रेडबाईंना फोन केला. ठरवलं होतं की काही लपवायचं नाही. सांगितलं, की तुमचा मुलगा येऊन गेला. तिच्या पाठीमागे रेडिओ ऐकू येत होता, कुणीतरी हवामान सांगत होतं.

मग मी म्हटलं, की बुधवारी संध्याकाळी दक्षिणेकडची पट्टी सगळ्यांना खुली असते. फी भरायची, हेल्मेट घालायचं, पाव मैल पळवायची. रस्ता नाही, रहदारी नाही, अॅम्ब्युलन्स उभी असते. तिथे गाडी न्यायची. तुम्ही चालवायची. चालवता आली तर गाडी तुमची. नाही आली तर तुम्हालाच कळेल, मला सांगावं लागणार नाही.

ती म्हणाली, 'ग्लेनलाही बोलव. लांब उभा राहीन म्हणाला तरी चालेल. पण बोलव.'

५ जून

सरावासाठी आली. बंद पडलेल्या मॉलसमोरच्या रिकाम्या मैदानात नेली गाडी. मी तिच्या शेजारी. माझ्याच गाडीत पहिल्यांदाच त्या बाजूला बसलो! तिथून बॉनेट लांब दिसतं, विमानासारखं.

चांगलं झालं नाही. दोनदा बंद पाडली. तिसऱ्या गिअरला दात कचकचले. तिने तोंडातल्या तोंडात एक शिवी हासडली, चर्चमध्ये जाणाऱ्या बाईला शोभणार नाही अशी. हात लहान, दांडा लांब. दम लागला होता तिला. गाल लाल झालेले. मी म्हटलं, थांबू या का? तिने ऐकलं नाही, किंवा ऐकून घेतलं नाही.

शेवटच्या फेरीला थोडी बरी चालली. थोडीच.

परत येताना माझ्या डोक्यात एकच घोळत होतं. ग्लेन बरोबर असेल तर?

बर्नीला विचारलं. म्हणाली, 'तू नव्याने चालायला लागलास तेव्हा पहिल्या दिवशी पलंगाला धरून उभा होतास. आठवतं?'

१२ जून, बुधवार

खूप उशीर झालाय. तरी आत्ताच लिहितो.

ऊन अजून बरंच होतं. पट्टीवर पोरांची गर्दी, नव्या गाड्या, काही तर इतक्या आवाजाच्या की बोलणं ऐकू येईना. आमची जीटीओ रांगेत लागली तेव्हा मोबाइल वर झाले. आतून कोण उतरलं ते पाहिल्यावर खाली आले. एकजण दुसऱ्याला म्हणाला, आजी चुकून रांगेत शिरली वाटतं. तिने ऐकलं असणार. हेल्मेट मागायला ती त्याच पोराकडे गेली! 'तुझं डोकं माझ्याएवढंच दिसतंय,' म्हणाली. त्याने मुकाट्याने दिलं.

ग्लेन आला होता. कुंपणाला धरून उभा, चेहरा खडूसारखा. बर्नी त्याच्याशेजारी जाऊन उभी राहिली. मी दोघांच्या बाजूला, काठीवर.

पहिली फेरी. दिवे पिवळे, पिवळे, हिरवा. सुटली, दुसरा गिअर बरा पडला, आणि तिसऱ्याला — कचकच! मॉलच्या मैदानातला तोच आवाज. पलीकडची गाडी निघून गेली. आमची हळूहळू टोकापर्यंत गेली, मिरवणुकीतल्यासारखी. पोरं हसली नाहीत, ते जास्त वाईट. ग्लेनने डोळ्यांवर हात घेतला. म्हणाला, बस झालं, मी तिला घेऊन येतो.

बर्नीने त्याची बाही धरली. 'थांब.'

एवढंच. तो थांबला.

विनिफ्रेडबाई मागच्या रस्त्याने आल्या आणि आमच्याकडे न बघता पुन्हा रांगेत जाऊन लागल्या. खिडकीतून दिसत होत्या. हातमोजे काढून टाकले होते. उघड्या हाताने गिअरचा दांडा नुसता हलवून बघत होत्या, गाडी बंदच होती. ओठ हलत होते. प्रार्थना असेल, शिव्या असतील.

पुन्हा नंबर आला. पकड यावी म्हणून चाकं पाण्यात घातली, जागच्या जागी गरगर फिरवली. धुराचा एवढा ढग उठला की गाडी दिसेनाशी झाली. मग धुरातून नाक बाहेर आलं, इंच इंच, रेषेपर्यंत. थांबलं. इंजिनाचा आवाज चढला आणि तिथेच थांबला, सरळ, एका सुरात. मी कधी तिला तेवढी चढू दिली नव्हती. भीती वाटायची मला, काहीतरी तुटेल.

पिवळा, पिवळा, हिरवा—

गाडी मागच्या पायांवर बसली. खरंच बसली, मांजर उडी मारायच्या आधी बसतं तशी! नाक आकाशाकडे. आणि मग ती तिथे नव्हतीच. दुसरा गिअर. तिसरा! मध्ये श्वास घ्यायला फट नाही. आवाज कानांनी ऐकण्यासारखा राहिला नव्हता, छातीचा पिंजरा वाजत होता, कुंपणाची तार माझ्या मुठीत थरथरत होती. चौथा. हिरवा रंग लांबवर उन्हात एक ठिपका झाला. पलीकडच्या पट्टीतली नवी गाडी कुठे होती ते मी पाहिलंच नाही. मागे होती म्हणे.

नऊ वर्षं मी त्या गाडीबरोबर काढली. तिची प्रत्येक शिवण मला माहीत होती. रविवारी दुपारी तिला आईस्क्रीम आणायला नेत होतो मी! आज पहिल्यांदा कळलं, ती काय आहे. ती काय करू शकते. मी ती बनवली म्हणतात लोक. छे. मी फक्त तिला उठवून बसवलं होतं.

आम्ही परतीच्या रस्त्यापर्यंत चालत गेलो. ग्लेन पुढे, जवळजवळ पळत. तिने गाडी बंद केली, हेल्मेट काढलं. केस कपाळाला चिकटलेले, तोंड रापल्यासारखं लाल. ग्लेन दाराशी गुडघ्यांवर बसला. मला वाटलं रागावेल. तो तिच्या हातांकडे बघत होता.

'आई, तुझे हात थरथरतायत.'

'हे नेहमीच थरथरायचे,' ती म्हणाली. 'नंतर.'

तो म्हणाला, 'मला कुणी सांगितलंच नाही.' तिने त्याच्या टकलावर हात ठेवला. थरथरणाराच.

हेल्मेटवाला पोरगा बाजूला उभा होता. परत मागायचं त्याला सुचत नव्हतं.

१३ जून

हॉलिसला फोन करून नाही सांगितलं. त्याला कारण हवं होतं, दिलं — सगळंच सांगितलं, पहिल्या फेरीसकट. मला वाटलं रागावला. त्याने विचारलं, 'पुन्हा कधी पळणार आहेत त्या?'

बुधवारी येईन म्हणाला.

१५ जून

गाडी गेली.

स्वयंपाकघरातल्या टेबलावर मालकीचा कागद सही करून दिला. ग्लेनने विम्याचं सगळं करून आणलं होतं, नीट फाइलमध्ये. विनिफ्रेडबाईंनी किल्ली घेतली. आज त्यांनी रंगाकडे बघितलं. बॉनेटवरून एक बोट फिरवलं आणि म्हणाल्या, 'माझी याच्यापेक्षा जरा फिकी होती. ही जास्त देखणी आहे, पोरा.' मी मान हलवली.

खटारा पिकअप नंतर नेऊ म्हणाले. ग्लेन आईच्या शेजारच्या सीटवर बसला. पट्टा लावला, ओढून बघितला, पुन्हा ओढून बघितला. तिने त्याच्याकडे बघून डोळा मारला!

बर्नी चपला न घालताच रस्त्याच्या टोकापर्यंत त्यांच्यामागे गेली. मला तेवढं चालवत नाही. मी गॅरेजच्या दारात उभा राहून ऐकत होतो. कोपऱ्यावर दुसरा, पुलापाशी तिसरा, मग मोठा रस्ता लागला असणार. आवाज संपला असं वाटायचं आणि पुन्हा बारीकसा यायचा. रडेन असं वाटलं होतं. तसं काही झालं नाही. तोंड उघडं टाकून उभा होतो, लहानपणी आतषबाजी बघताना राहायचो तसा.

बर्नी परत आली. तळपाय डांबराने काळे. दम लागलेला.

'कोपऱ्यावर गिअर टाकताना तिने क्लच पुरता दाबला नाही,' ती म्हणाली. 'अर्ध्यावरच टाकला. ऐकलंस?'

मी ऐकलं नव्हतं.

१८ जून

पाऊस. गॅरेज रिकामं, बोललं की आवाज घुमतो. झाडून काढलं. नट-बोल्टचे पाने पुसून मापाप्रमाणे लावले. आता ते कुणाला द्यावेत, याचा विचार करत होतो. बर्नी म्हणाली, 'राहू दे की इतक्यात.'

आज पायाचा व्यायाम केला नाही. कशासाठी करायचा?

२२ जून

बर्नी सकाळीच माझा पिकअप ट्रक घेऊन गेली, कुठे ते न सांगता. दुपारी आली ती मागे ट्रेलर ओढत. त्यावर एक फायरबर्ड, पॉन्टिअॅकचीच जुनी गाडी — म्हणजे तिचं जे उरलंय ते. काचा नाहीत, इंजिन नाही, दारातून झुडूप उगवलंय. गॅरेजच्या तोंडाशी ट्रेलर उलटा घेतला, पहिल्याच खेपेला सरळ. उतरली. अंगात कामाची नवी डांगरी, बाह्या दुमडलेल्या.

कुणासाठी म्हणून विचारलं.

'माझ्यासाठी,' ती म्हणाली. 'तू सांगायचं. हात लावायचा नाही.'

मी स्टूल आणायला गेलो.